बासरीवाल्याची नुसती फुंकर

वरच्या मजल्यावर दुपारभर कुणीतरी फुंकत असायचं. चूल फुंकतात तसं नाही. लांब, सावकाश, एका दमात. मग थोडं थांबायचं आणि परत. मी खाली ओसरीत बाजेवर पडलेली असायची. डोळा लागला की नाही ते माझं मला कळायचं नाही, पण त्या आवाजात मला मेंढरांचा वास यायचा. आमच्या दारातून मेंढरं जाऊन कैक वर्षं झाली, तरी यायचा.

फुंकणारा माणूस फ्रान्सचा होता. खुटबावच्या आमच्या घरावर माझ्या मुलानं दोन खोल्या चढवल्या होत्या, त्या या फ्रान्सवाल्याच्या लेकीनं भाड्यानं घेतल्या होत्या. ती कुरकुंभला औषधांच्या एका कंपनीत कामाला आलेली. कंपनी तिला दौंडात फ्लॅट देत होती, पण तिला शेतात राहायचं होतं. शहरातल्या माणसांना शेतात राहायची हौस असते आणि पहिला साप निघाला की ती फिटते. हिच्या न्हाणीत साप निघाला, तरी ही राहिली. कंपनीतल्या बायकांकडून मोडकंतोडकं मराठी शिकली, अडलं की हिंदी लावायची आणि मला आजी म्हणायची.

दिवाळीनंतर तिनं बापाला आणलं. त्याला तिकडं एकटं ठेवता येईना म्हणून. एका सकाळी तो उठला तर अर्धं तोंड उतरलेलं. आपल्याकडं म्हणतात तसं तोंडावरून वारं गेलं होतं. डावा डोळा मिटत नव्हता, त्यावर पट्टी चिकटवलेली असायची. डावीकडचा ओठ सैल पडलेला. चूळ भरली की पाणी बाहेर. हातपाय धड होते, डोकं धड होतं. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर जेवताना तोंडाला रुमाल धरून भागलं असतं. हा माणूस मात्र सगळा जन्म ओठावर जगला होता. तो बासरी वाजवायचा.

मी म्हटलं, त्यात काय, माझा बापही पावा वाजवायचा. लेकीनं मोबाईल काढून मला दाखवलं. एवढं मोठं सभागृह, त्यात काळ्या कपड्यातली शेकडो माणसं आणि पुढं एकटा उभा असलेला काटकुळा माणूस. त्याच्या हातात चांदीची नळी. बोटं अशी पळत होती की दोन माणसं वाजवतात असं वाटावं. त्याचं वाजवून झालं आणि सगळी माणसं उठून उभी राहिली.

"का उठली?" मी विचारलं.

"आवडलं म्हणून, आजी."

मला काही ते पटलं नाही. आमच्याकडं आवडलं की माणसं बसून राहतात आणि नाही आवडलं की उठतात.

त्याचं आयुष्य मला असं तुकड्यातुकड्यानं कळलं. सकाळी गच्चीवर ऊन यायचं. मी शेंगा सोलायला वर जाऊन बसायची, तो खुर्चीत बसलेला असायचा आणि सुट्टी असेल त्या दिवशी लेक मध्ये बसून इकडचं तिकडं करायची. बारीक धुकं उसावर लोळत असायचं. कॅनॉलवरून ते हळूहळू उठायचं, आणि त्या धुक्यातून दौंडकडं जाणारी गाडी दिसायची नाही, नुसती ऐकू यायची. गाडी गेली की तो बोलता बोलता थांबायचा आणि ती संपेपर्यंत ऐकत राहायचा.

त्याचा बाप रेल्वेत होता. दौंडला जशी इंजिनं बदलतात तशी तिकडच्या त्यांच्या गावातही बदलायची. घर रुळाला लागून. रेल्वेच्या कामगारांचा एक बँड होता, त्यात सगळी पितळेची मोठमोठी वाद्यं. बासरी कुणालाच नको होती, कारण त्या गोंगाटात ती ऐकूच यायची नाही. म्हणून ती घरातल्या सगळ्यात किडकिडीत पोराला दिली. तो म्हणाला, बँडमध्ये दोन वर्षं मी काय वाजवलं ते कुणालाही माहीत नाही, मलासुद्धा.

मग मिसरूड फुटायच्या आत तो राजधानीच्या मोठ्या शाळेत गेला. तिथल्या मास्तरांनी त्याला कितीतरी दिवस एकच सूर वाजवायला लावला. नुसता एक. मी विचारलं, कंटाळा नाही आला? तो म्हणाला, पहिले काही दिवस आला, मग तो सूर रोज वेगळा दिसायला लागला. मला ते कळलं नाही, पण पटलं. मी जन्मभर रोज एकच भाकरी थापते आणि ती रोज वेगळी होते.

त्या शाळेत तो पहिला आला. मोठ्या वाद्यवृंदात पक्की नोकरी लागली. ऐन तिशीत ती सोडून दिली आणि एकटा फिरायला लागला. मी विचारलं, पेन्शनचं काय केलं? लेकीनं ते सांगितल्यावर तो अर्ध्या तोंडानं हसला. त्याचं हसणं असंच होतं, एका बाजूनं हसायचं आणि दुसरी बाजू नुसती बघत बसायची. मग सगळी दुनिया हिंडला. जपान, अमेरिका, रशिया. गावोगावी तेच सभागृह, तेच काळे कपडे, तीच उठणारी माणसं. हॉटेलात सकाळी जाग आली की आपण कुठल्या देशात आहोत ते त्याला आठवायचं नाही. तो म्हणाला, खिडकीशी जायच्या आधी मी थोडा वेळ डोळे मिटून पडायचो. त्या वेळात मी कुठंच नसायचो, आणि तो वेळ मला बरा वाटायचा.

बायको पेटीसारखं मोठं वाद्य वाजवून त्याला साथ करायची. तिला पुढं फिरण्याचा वीट आला, याला आला नाही. ती गेली. गेली म्हणजे मेली नाही, दुसरीकडं राहते. लेक दोन घरांत वाढली.

सूर लिहायचं कामही त्यानं केलं. गाणी नाहीत, नुसते सूर. दुसऱ्यांनी बासरीसाठी लिहिलेलं खूप होतं, पण त्याचं म्हणणं, ते लिहिणाऱ्यांना दम कुठं घ्यायचा ते माहीत नसतं. म्हणून आपल्या दमाला बेतून तो आपलं आपण लिहायला लागला. तरणा होता तेव्हा सगळं पळणारं लिहिलं. म्हातारपणी चालणारं लिहायला लागला.

शेवटचं जे लिहिलं होतं ते त्याच्या गावासाठी होतं. जिथं इंजिनं धुवायचे ती शेड आता सभागृह झाली होती. तिथं एप्रिलात तो स्वतः ते वाजवणार होता. बँडमध्ये ज्या पोराची बासरी कुणी ऐकली नाही त्यानं त्याच शेडमध्ये म्हातारपणी एकट्यानं वाजवायचं, असं त्याच्या मनात. ते लिहून झालं आणि मग तोंड गेलं.

आता तिकडची माणसं विचारत होती. त्याची एक शिष्यीण होती, चाळिशीची, ती वाजवायला तयार होती. फेब्रुवारी उजाडायच्या आत सांगायचं होतं, तो वाजवणार की ती. डॉक्टर म्हणाले होते, ओठ येईल किंवा नाही येणार. म्हणून तो दुपारभर फुंकत असायचा. सूर निघत नव्हता. निघायचं ते वारं.

एकदा मी चहा घेऊन वर गेले तर तो आरशापुढं बासरी धरून एका बोटानं ओठ वर ढकलत होता. ओठ सोडला की परत खाली. परत ढकलला. मी म्हटलं, "आबा, तो ओठ हाय, कणीक न्हाई मळायला." लेक घरी नव्हती. त्याला शब्द कळले नसतील, पण त्यानं बोट काढलं आणि चहा घेतला. मी त्याच्या गळ्यात टॉवेल बांधला आणि खाली आले.

माझ्या बापाचं त्यानंच विचारलं. लेकीनं त्याला सांगितलं होतं की आजीचे वडील पावा वाजवायचे.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं, घोड नदीच्या काठचं. आम्ही मेंढरंवाले. उसाला पाणी आलं तसे बाकीचे शेतकरी झाले, माझा बाप शेवटपर्यंत मेंढरांमागं राहिला. पीक निघालं की शेतकरी मेंढरं शेतात बसवायला बोलवायचे, खतासाठी. दिवस मावळायला त्या रानात जाळी लावायची. तिला आम्ही वाघर म्हणतो. त्या वाघरीत मेंढरं घालायची. पण परक्या रानात मेंढरू बसत नाही. एक बिचकलं की सगळी बिचकतात आणि उठून कोपऱ्यात घुसतात. मग खत सगळं एका कोपऱ्यात पडतं आणि सकाळी शेतकरी बोंबलतो. म्हणून त्यांना बसवावं लागतं.

माझा बाप वाघरीच्या भोवतीनं पावा वाजवत चालायचा. आधी सूर असायचा. मेंढरं तोंड वळवून ऐकायची. थोड्या वेळानं त्याची बोटं थांबायची आणि सूर जायचा. तो पाव्यात नुसता फुंकत चालायचा, हू, हू, वारं वाहतं तसं. मग मेंढरं पुढचे पाय दुमडायची. एक, मग शेजारचं, मग त्याच्या शेजारचं. गळ्यातल्या घंटा एकेक करून थांबायच्या. मला वाटायचं, बाप दमला म्हणून नुसता फुंकतो.

पाव्याला बायकामुलींनी तोंड लावायचं नाही अशी आमच्यात रीत. मी कधी लावलं नाही. लपून तोंडानं शीळ घालायची, तीही आईनं ऐकली की पाठीत बसायची. मग लग्न होऊन इकडं आले. इथं कॅनॉल, ऊस, कांदा. सासऱ्यानं मेंढरं विकली. बापाचा पावा पुढं माहेरी कुठल्यातरी उतरंडीमागं उंदरांनी कुरतडला.

एवढं मी सांगितलं. लेकीनं तिकडं सांगितलं. मग त्यानं एकच विचारलं, ते नुसतं फुंकणं किती वेळ चालायचं?

"मेंढरं बसस्तोवर," मी म्हटलं. दुसरं काय सांगणार?

त्याला ती जागा बघायची होती. एका रविवारी लेकीनं गाडी काढली आणि आम्ही शिरूरकडं गेलो. भीमा ओलांडली, पुढं ऊस, ऊस संपला की कांद्याच्या चाळी, मग कंपन्यांच्या पत्र्याच्या शेड. घोडच्या काठाला आलो तर मला काही ओळखू येईना. जिथं माळ होता तिथं प्लॉट पाडून दगड रोवलेले. नदी होती, पण तीही मला ठाऊक असलेली वाटेना, रुंद आणि हिरवी. मी म्हटलं, हितंच असंल. नसंल तर पलीकडं असंल.

वारं सुटलं होतं. तो काठावर उभा राहिला, पेटीतून बासरी काढून जोडली, आणि तोंडाला न लावता नुसती वाऱ्यात आडवी धरली. थोडी फिरवली. आणि बासरी वाजली. एवढासा बारीक सूर, लांबून येतो तसा, येत जात राहिला. कुणी फुंकत नव्हतं. मी डोळे मिटले. खरं सांगते, मला त्या वेळी माझं वय आठवेना. काठाच्या खाली मेंढरं पाण्यावर उतरलीत आणि मागून कुणीतरी चालत येतंय एवढंच वाटत होतं. डोळे उघडले तर शेजारी पट्टी लावलेला म्हातारा आणि रोवलेले दगड.

तो लेकीला काहीतरी म्हणाला. मी विचारलं, काय म्हणाले?

"म्हणाले, वाऱ्याला ओठ नाहीत, तरी तो वाजवतो."

येताना त्यानं बासरी पेटीत न ठेवता मांडीवरच धरली होती.

आता माझ्या मुलाचं. तो सोसायटीत संचालक आहे आणि त्याला माणसं जमवायची सवय आहे. वर राहणारा म्हातारा कोण आहे ते त्यानं मोबाईलवर बघितलं. संक्रांतीनंतर गावात हळदीकुंकवाचा कार्यक्रम तो करतच होता. त्यानं त्यातच हेही बसवलं. कुणाला विचारलं नाही. आमच्याकडं पाहुण्याचा मान करायचा तर पाहुण्याला विचारत नाहीत, नाहीतर पाहुणा नको म्हणतो. मला कळलं ते फाट्यावर फ्लेक्स लागल्यावर. आंतरराष्ट्रीय बासरीवादकांचा भव्य सत्कार व बासरीवादन. एका बाजूला मुलाचा हात जोडलेला फोटो, दुसऱ्या बाजूला म्हाताऱ्याचा. म्हाताऱ्याचा फोटो जुना, तिशीतला, तोंड सरळ, केस काळे.

लेक कंपनीतून येताना फाट्यावर तो फ्लेक्स बघून आली. दारातच उभी राहिली. म्हणाली, "आजी, वो बजा नहीं सकते."

मी मुलाला बोलावलं.

"तो फ्लेक्स काढ."

"आई, लागला आता तो. चार गावांत गाडी फिरली."

"ज्याचं तोंड चालंना त्याला माणसांत उभं करणार व्हय रं?"

"दोन मिनिटं वाजवू द्या की कायबी. हितं कुणाला कळतंय?"

"त्याला कळतंय."

मुलगा मोबाईल कानाला लावून बाहेर गेला. फ्लेक्स मात्र काढला नाही. लागलेला फ्लेक्स काढणं म्हणजे आपणच आपलं नाक कापणं, असं त्याच्यासारख्या पुढाऱ्यांना वाटतं.

लेकीनं बापाला सांगितलं. मी शेजारी होते. तो चिडला नाही. त्यानं विचारलं, कोण येणार?

मी म्हटलं, बायका वाणासाठी येतील, स्टीलच्या वाट्या आहेत. पुरुष जेवणासाठी येतील. तुमच्यासाठी कुणी येणार नाही.

हे ऐकून त्याचा चेहरा जरा उजळला. अर्धाच, पण उजळला. म्हणाला, मग मी येतो. त्याला शेडमध्ये उभं राहायच्या आधी कुठंतरी माणसांपुढं उभं राहून बघायचं होतं. एकट्यानं फुंकणं वेगळं. इथं सूर निघाला तर एप्रिलात तो वाजवणार, नाही निघाला तर दुसऱ्या दिवशी शिष्यिणीला कळवून टाकणार. त्याचं ठरलं. लेकीनं नको म्हटलं, मीही नको म्हटलं. तो बासरी पुसायला बसला.

त्याच आठवड्यात देवळाशेजारच्या आमच्या तुकड्यातला कांदा निघाला होता आणि मी मेंढरं बसवायला माहेरकडच्या एका मेंढपाळाला सांगून ठेवलं होतं. मला आक्का म्हणतो. तो नेमका कार्यक्रमाच्याच संध्याकाळी मेंढरं घेऊन आला. देवळापुढं मांडव, लिंबाच्या झाडावर चारी दिशांना कर्णे बांधलेले, आणि त्यातला एक बरोबर आमच्या कांद्याच्या रानाकडं तोंड करून.

मी मांडवाकडं जाताना त्यानं मला बांधावर अडवलं.

"आक्का, मेंढरं बसनात. ह्या कर्ण्यानं पार येडी झाली हायती."

"भाषणं हायत अजून."

"तुझं पोरगं गप बसलं तर मेंढरं बसतील."

"ते माझ्या हातात असतं तर आणिक काय पायजे हुतं."

सूर्य उसाच्या शेंड्याला टेकला होता. कुठंतरी गुऱ्हाळ चालू होतं, गुळाचा वास आणि धूर खाली खाली पसरत होता. मांडवात बायका दाटीनं बसलेल्या, कपाळं लालपिवळी, मांडीवर वाट्या. पुढं खुर्च्यांवर पुढारी. मधल्या खुर्चीत म्हातारा. त्याच्या मागं तो फ्लेक्स, सरळ तोंडाचा. दोन्ही तोंडं एकावर एक दिसत होती. काही बायकांनी तोंडाला पदर लावले.

त्याला फेटा बांधला. फेटा पट्टीच्या डोळ्यावर घसरला. शाल घातली, हातात नारळ दिला. मुलगा माईकवरून काय काय बोलत होता. आपल्या तालुक्याचं भाग्य, जगाच्या नकाशावर खुटबाव. प्रत्येक वाक्याला तिकडं रानात घंटा खळखळायच्या आणि मेंढपाळाची हाळी यायची. मग म्हाताऱ्याला वाजवायला उभं केलं. त्याच्या एका हातात नारळ, दुसऱ्या हातात बासरी. नारळ कुठं ठेवावा ते त्याला समजेना. मी पुढं होऊन नारळ घेतला आणि तिथंच कडेला खाली बसले.

त्यानं बासरी तोंडाला लावली आणि फुंकली.

वारं. माईकनं ते घेतलं आणि कर्ण्यांनी मोठं करून चारी बाजूंना नेलं. लोकांना वाटलं, माईक तपासतोय. मांडववाला पळत आला, तार हलवली, गेला. म्हाताऱ्यानं परत फुंकलं. परत वारं. मागं कुणीतरी हसलं. तिसऱ्या वेळी एक सूर निघाला. मी ऐकला. केसाएवढा बारीक. लेकीनं श्वास धरला. सूर हलला, फाटला आणि गेला.

त्यानं बासरी खाली घेतली. लेकीकडं बघितलं. ती रडत नव्हती, पण तिचा हात छातीवर होता. मग त्यानं उघडा होता तो डोळा मिटला आणि बासरी परत वर घेतली.

या वेळी बोटं हलली नाहीत. ओठही त्यानं ढकलला नाही, जसा होता तसा राहू दिला. आणि तो नुसता फुंकायला लागला. लांब, सावकाश. सूर शोधत नव्हता तो आता. मला लगेच कळलं. ते फुंकणं मला ठाऊक होतं.

पहिल्यांदा बायकांची कुजबूज थांबली. मग खुर्च्यांचा आवाज थांबला. ते वारं मांडवात नव्हतंच, ते वरून, लिंबातून, सगळीकडून येत होतं. हू. हू. उजेड तांबडा झाला होता आणि त्यात धूर पसरला होता, आणि समोरच्या बायका मला एकेक करून विरघळल्यासारख्या दिसायला लागल्या. पुण्याकडून गाडी आली. तिचाही आवाज त्यातच मिसळला, ती रुळावरून नाही, त्या फुंकरीवरून चालल्यासारखी गेली. माझ्या मांडीवर नारळ होता. तो कोकरासारखा उबदार लागत होता. मला पाठीमागं वाघर दिसत होती, न वळता. वाघरीच्या भोवतीनं कुणीतरी चालत होतं. घंटा एक एक करून थांबत होत्या. ही थांबली, ती थांबली. आता लांबची एकच उरली. मग तीही.

तो फुंकत होता.

तेवढ्यात बांधावरून मेंढपाळाचा आवाज आला. मांडवात एवढी शांतता होती की घरात बोलल्यासारखा आला.

"आक्का, बसली गं. समदी बसली."

लेकीनं म्हाताऱ्याच्या कानाशी जाऊन सांगितलं. त्यानं बासरी खाली घेतली. फेटा पार नाकावर आला होता.

मुलानं माईक हातात घेऊन अतिशय सुंदर वादन झाल्याचं सांगितलं आणि टाळ्या मागितल्या. टाळ्या वाजल्या आणि मेंढरं परत उठली. मेंढपाळानं काय शिवी दिली ती इथं लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी गावात कुणी म्हणालं, परदेशी वादन आहे, आपल्याला कळायचं नाही. कुणी म्हणालं, माईक खराब होता. मांडववाला शपथा घेऊन सांगत होता की माईक ठणठणीत होता. काही बायका म्हणाल्या, छान झोप येत होती. त्याच खरं बोलत होत्या.

म्हातारा गच्चीवर होता. लेकीनं फोन करून शिष्यिणीला कळवून टाकलं होतं, तूच वाजव. मी शेंगा घेऊन वर गेले आणि विचारलं, वाईट वाटतंय का?

लेकीनं विचारलं. तो हो म्हणाला. मी शेंगा सोलायला लागले. वाईट वाटत असेल तर वाटू द्यावं, त्यावर काय बोलायचं असतं?

पण त्या दिवसापासून दुपारचं फुंकणं थांबलं. तो खुर्चीत बसून लिहायचा. जे लिहून झालं होतं त्याचं शेवटचं पान त्यानं काढून टाकलं होतं आणि नवं लिहीत होता. एकदा लेकीला घेऊन खाली आला आणि मला विचारलं, तुमचे वडील सूर थांबवायचे आणि फुंकायला लागायचे, त्यामध्ये काही वेळ जायचा का, की लगेच?

मी आठवून बघितलं. मला आठवेना. मी म्हटलं, "मला न्हाई ठाऊक, आबा. तवर मी बी झोपलेली आसायची."

हे त्यानं लेकीकडून दोनदा ऐकलं. मग मान हलवून वर गेला.

होळीच्या आधी तो आपल्या देशाला परत गेला. जाताना त्याचा ओठ जरा वर आला होता, चहा सांडत नव्हता. बासरीला तेवढं पुरत नाही, लेक म्हणाली. वरचा मजला दुपारी शांत असायचा. मला मग झोपच लागायची नाही.

एप्रिलात, कांदा चाळीत भरत होतो तेव्हा, एके दिवशी ती मोबाईल घेऊन आली. माझे हात कांद्याच्या मातीचे होते, म्हणून तिनंच धरला. ती इंजिनाची शेड. उंच, काळ्या लोखंडाची. माणसं गच्च भरलेली. पुढं ती शिष्यीण, चांदीची नळी घेऊन. पहिल्या रांगेत तो, तोंड तसंच वाकडं, हात मांडीवर.

ती वाजवत होती. बराच वेळ पळणारं, मग चालणारं. मला त्यातलं फार काही कळलं असं मी म्हणणार नाही. मग तिची बोटं थांबली. सूर गेला. आणि ती नुसती फुंकायला लागली. लांब, सावकाश. मोबाईल एवढासा, पण त्यातून ते आलं. चाळीतली माझी सून कांदे टाकायची थांबली आणि कुठून आवाज येतोय ते बघायला लागली.

मग तेही थांबलं. शिष्यिणीनं बासरी खाली घेतली.

कुणी हललं नाही. शेडमधली सगळी माणसं तशीच. कॅमेरा फिरला, रांगांच्या रांगा, कुणाचे डोळे मिटलेले, कुणाची मान कलंडलेली. तो पहिल्या रांगेत मागं न बघता बसला होता, ऐकत असल्यासारखा. तिथंच ते संपलं.

लेकीचा चेहरा उतरलेला होता. म्हणाली, "आजी, लोक उभेच राहिले नाहीत."

"बसून ऱ्हायली न्हवं?" मी म्हटलं. "मग झालं."